जानू पायरीवर होता

सोमवार, १५ डिसेंबर

आज एकादशी. वरीचे तांदूळ खाऊन पडवीत आंबे उतरवायच्या घळीची दोरी वळत बसलो होतो, तोच जानू आला.

जानू माझ्याबरोबर गावच्या शाळेत एका बाकावर होता. पुढे तो मुंबईला गेला, मी पावसच्या बाजूला बागायतदार भाऊंच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत राखणीला लागलो. आता तो परत येऊन बागांना, बांधकामांना माणसं पुरवतो. लोक मुकादम म्हणतात. त्याला कॉन्ट्रॅक्टर म्हटलेलं आवडतं.

कातळावर नवी कॅनिंगची फॅक्टरी झाली आहे. तिथे आंबा पिकवायच्या कामावर देखरेखीला जाणता माणूस हवा आहे, हंगामापुरता. सावलीतलं काम, पगार बागेपेक्षा बरा, आणि पसंत पडलो तर पुढच्या वर्षीही मीच. सोळा फेब्रुवारीला हजर व्हायचं.

"पण बाग सोडलीस तरच हां रावजी," तो म्हणाला. "दोन दगडांवर पाय ठेवणारी माणसं त्यांना नकोत."

माझी बायको सावित्री आतून म्हणाली, कायतरी लिहून घ्या. जानू हसला. "वयनी, हंगामी कामाला कसला कागद? मी हाय ना."

मलाही ते पटलं. माझे गुडघे आता उतारावर बोलतात. वानरांमागे धावणं होत नाही. ही गोष्ट मी भाऊंना कधी सांगितली नाही, पण जानूला मात्र एकदा बोलून गेलो होतो. त्याने ती लक्षात ठेवली म्हणून बरं वाटलं.

रविवार, २१ डिसेंबर

सकाळी देवळात गाऱ्हाणं झालं.

आमच्या वाडीचं गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा आहे. वडिलांनंतर माझा. लग्न असो, नवी होडी असो, कुणी परदेशी जाणारा असो, देवीसमोर उभा राहून मी बोलतो आणि मागे जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणतात. देवी असली तरी म्हाराजाच. पण आपलं स्वतःचं गाऱ्हाणं आपण घालायचं नाही, अशी वहिवाट आहे. आपल्यासाठी बोलताना माणूस कमीजास्त बोलतो, असं वडील म्हणत. म्हणून आज काशी गुरवाने घातलं.

गाऱ्हाण्यात सगळं स्वच्छ सांगावं लागतं. नाव, गाव, काम, कुणी दिलं, कधीपासून. काशी म्हणाला, "आई वाघजाय, हा रावजी तुजं लेकरू. बाग सोडून नव्या फॅक्टरीत जातोय. जानूनं त्याला सोळा फेब्रुवारीपासून हंगामभर काम दिलंय. दिलेला शब्द खरा होऊ दे, आडवं येईल ते दूर कर गे आई."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

आमच्याकडे असं झालं की मग कुणी कागद मागत नाही. ज्याने व्हय म्हटलं त्याने ते आपल्या अंगावर घेतलं, असं धरतात. सावित्रीलाही मी हेच सांगितलं.

जानूचा फोन नेमका गाऱ्हाणं चालू असताना वाजला आणि तो बाहेर पायरीवर गेला. खोबरं वाटायच्या वेळी आला. फार धावपळीचा माणूस झाला आहे.

रविवार, ११ जानेवारी

भाऊंना सांगितलं. रात्रभर शब्द जुळवत होतो, ते वाया गेले. त्यांनी थांब म्हटलं नाही, का म्हणूनही विचारलं नाही. उलट आत जाऊन शाल घेऊन आले आणि माझ्या खांद्यावर घातली. शाल दुकानाच्या पिशवीतच होती. जानूने आधी कानावर घातलं असावं.

शेजारच्या बागेचे मालक बसले होते. त्यांच्यासमोर भाऊंनी विचारलं, "रावजी, तू आपल्या खुशीनं सोडतोयस ना? आम्ही काढलं असं नाही ना?" मी म्हटलं, छे, माझ्या खुशीनेच. त्यांनी ते पुन्हा एकदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. एवढा मोठा बागायतदार, पण कुणाचं मन दुखावलं तर नाही ना याची केवढी काळजी.

शनिवार, ३१ जानेवारी

बागेतला शेवटचा दिवस. पंपाच्या आणि खोपीच्या किल्ल्या दिल्या. यंदा मोहोर चांगला आहे, वरच्या अंगाला फळाची कणीही धरली आहे. विहिरीजवळच्या जुन्या कलमाला हात लावून नमस्कार केला. कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. बागेतली कुत्री बांधापर्यंत आली आणि तिथे बसून राहिली. बांधापलीकडे माझं घर आहे हे तिला माहीत आहे, पण ती कधी बांध ओलांडत नाही.

मी निघत होतो तेव्हा नेपाळी जोडपं आलं. तरुण आहेत, रात्रंदिवस बागेतच राहतील. जानूचाच टेम्पो त्यांना सोडून गेला. म्हटलं बरं झालं, बाग एक दिवसही उघडी राहिली नाही. जानूने माझंही काम केलं आणि भाऊंचीही अडचण काढली.

सोमवार, १६ फेब्रुवारी

पांढरा सदरा घालून गेलो. सावित्रीने डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी दिली होती.

गेटवरच्या पोराने नाव विचारलं, आत फोन केला, आणि म्हणाला, असं कुणाचं नाव आलेलं नाही. जानूला फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. म्हणाला, मशीन यायची आहे, शिमगा होऊ दे, मग बघ. घाई नको.

लगेच घरी गेलो असतो तर सावित्रीला कळलं असतं. म्हणून कातळावर एका काजूखाली बसून डबा खाल्ला. समोर फॅक्टरीचा पत्रा उन्हात चमकत होता. संध्याकाळी नेहमीच्या वेळी घरी गेलो. डबा रिकामा बघून तिने विचारलं, काम जमेल ना? मी हो म्हटलं.

खोटं बोलल्यावर जप करायला बसलो आणि माळ मधेच ठेवून उठलो. उद्या तिला सांगेन.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

सांगितलं. ती म्हणाली, मला कालच कळलं होतं. सुकटीचा डबा तुम्ही कधी एवढा स्वच्छ संपवत नाही.

गुरुवार, ५ मार्च

शिमगा. पालखी घरोघर फिरली. प्रत्येक अंगणात मी गाऱ्हाणं घातलं, घसा बसला. जानूच्या अंगणातही घातलं. त्याच्या धंद्याला बरकत मागितली. त्याचा धंदा चालला तर माझंही काम चालेल, असा थोडा स्वार्थ त्यात होता.

त्याच्या मुलीचं, सानवीचं, लग्न ठरलं आहे. अधिक महिना लागायच्या आत उरकायचं म्हणतात. पोर गुणी आहे.

फॅक्टरीचं विचारलं तर म्हणाला, "देवाच्या कामात फॅक्टरी कशाला काढतोस?" तेही खरंच.

मंगळवार, १० मार्च

आज फॅक्टरीतले साहेब स्वतः गेटवर आले. चांगला बोलला माणूस. म्हणाला, "आमच्याकडे पेंढ्यातली आढी लावतच नाहीत, काका. गॅसच्या खोल्या आहेत. बटणाचं काम. अशी जागाच नाही."

मी म्हटलं, जानूने सांगितलं होतं. त्याने मान हलवली. "त्यांचं त्यांना विचारा."

येताना भाऊंकडे वळलो. त्यांनी चहा दिला. म्हणाले, आता माणसं ठेवली आहेत, त्यांना कसं काढू, तूच सांग. तू तर खुशीनं गेलास. मी काय सांगणार? नेपाळी बाई माझ्या खोपीत कपडे वाळत घालत होती. कुत्री तिच्या पायाशी बसली होती.

मला वाटतं फॅक्टरीवाल्यांनी जानूला फसवलं. मोठ्या लोकांनी त्याला पुढे केलं आणि आता हात वर केले. तो बिचारा तोंड दाखवायला लाजतो, म्हणून फोन घेत नाही.

रविवार, १५ मार्च

सावित्रीच्या सांगण्यावरून बौद्धवाडीत अमरदीपकडे गेलो. त्याची आई कमलाबाई बागेत माझ्याबरोबर आंबा वेचायला असे. अमरदीप रत्नागिरीत कामगार संघटनेचं काम बघतो. लहानपणी फार अबोल होता, आता प्रश्न फार विचारतो.

मी म्हटलं, एक दिवसही काम केलं नाही, मग माझा कसला हक्क? तो म्हणाला, तोंडी शब्दसुद्धा करार ठरू शकतो. तुम्ही त्या शब्दावर हातातलं काम सोडलंत, हे महत्त्वाचं. मिळेलच असं सांगत नाही, पण मागता येतं. हंगामी माणूस म्हणजे वाऱ्यावरचा माणूस नव्हे.

मग म्हणाला, "शब्द कुणी दिला?"

"जानूने. पण फॅक्टरीच्या वतीने."

"मग अर्जात दोघांची नावं घालू."

मी नको म्हटलं. जानूचं नाव घालायचं नाही. तो फसलेला माणूस आहे, त्याला साक्षीला बोलाव. अमरदीपने पेन खाली ठेवलं.

"आणि भाऊंनी तुम्हाला अडवलं नाही काका? एवढ्या वर्षांचा माणूस?"

मी शालीचं सांगितलं. मोठ्या मनाचा माणूस, म्हटलं. कमलाबाई चुलीपाशी होती, ती उठून बाहेर गेली.

साक्षीदार कोण, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, सगळी वाडी. देवीसमोर काशीने तारखेसकट सांगितलं आणि सगळ्यांनी व्हय म्हटलं. अमरदीप देवळात जात नाही, देव मानत नाही. पण ते ऐकून सरसावून बसला. म्हणाला, "काका, यापेक्षा चांगले साक्षीदार कुणाकडे नसतात."

बुधवार, २५ मार्च

घरोघर फिरलो. ज्यांच्या अंगणात गाऱ्हाणी घातली त्यांच्याच पायऱ्यांवर आज मागायला बसलो.

एकाने सांगितलं, मला ऐकू कमी येतं. एकाची म्हैस अडली होती. धोंडू, जानूच्या शेजारचा, सरळ बोलला. "आम्ही व्हय म्हटलं ते देवीला. सायबाला नाय. देवीला कचेरीत कशाला ओढतोस?" त्याच्या बायकोने मला आत बोलावून पन्हं दिलं आणि हळूच सांगितलं, आमचा थोरला जानूच्या टेम्पोवर आहे.

धोंडूचं बोलणं मला लागलं. रात्री विचार करत राहिलो. देवीपुढचं बोलणं साहेबाच्या टेबलावर नेणं म्हणजे तिच्यावर अविश्वास नाही का? तिला जे सांगितलं ते तिच्यावर सोडून गप्प बसावं का? वडील असते तर काय म्हणाले असते ते ठरवता येत नाही.

शेवटी काशीकडे गेलो. तो समया घासत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "देवीला मोठ्यानं सांगितलेलं सायबाला सांगायला लाज कसली? मी काय तिच्या कानात बोललो होतो?"

मंगळवार, ७ एप्रिल

रत्नागिरीच्या कामगार कार्यालयात तारीख होती. लिहायचं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

फॅक्टरीचे तेच साहेब आले होते. काशी धुतलेलं धोतर नेसून आला होता. जानू उशिरा आला, माझ्याकडे न बघता भिंतीकडच्या खुर्चीत बसला. मी त्याला जवळ ये म्हणून खूण केली. त्याला धीर द्यावा असं मनात होतं.

अधिकारी बाई शांत होत्या. फॅक्टरीच्या साहेबांनी सांगितलं की गणपतीत जानूला माणसांबद्दल विचारलं होतं हे खरं. पण दिवाळीच्या आधीच खोल्या गॅसच्या करायचं ठरलं आणि माणसं नकोत असं जानूला कळवलं.

दिवाळीच्या आधी. मला वाटलं साहेब खोटं बोलतात. जानू आता उठेल आणि सांगेल, असं वाटलं. तो माझ्याकडे एकादशीला आला होता. दिवाळी होऊन कितीतरी दिवस लोटले होते.

तो उठला नाही.

मग काशीने सांगितलं. देवळात बोलला होता तसंच, एकही शब्द न बदलता. फक्त सवयीने हात जोडले होते. बाईंनी जानूला विचारलं, हे बोलणं झालं तेव्हा तुम्ही तिथे होता?

"होतो बाई," जानू म्हणाला. "पण मी व्हय म्हाराजा म्हटलं नाय. विचारा काशीला. मी पायरीवर होतो."

बाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी अमरदीपकडे बघितलं. अमरदीपलाही नीट कळलं नसावं. काशीला कळलं. त्याने जोडलेले हात सोडले आणि मांडीवर ठेवले.

फोन वाजला होता की नव्हता, आता मला आठवत नाही. तो कानाला लावून उठला एवढं आठवतं. माझं काम नाही हे त्या सकाळी त्याला माहीत होतं. देवीसमोर खोट्याला व्हय म्हणायला तो भ्याला, म्हणून पायरीवर गेला. मग आत येऊन माझ्या हातचं खोबरं खाल्लं.

त्याला देवीची भीती वाटते, हे बघून मला एरवी आनंद झाला असता.

बाईंनी मला विचारलं, ठेकेदाराचं नाव अर्जात घालायचं आहे का? न घातलं तर फॅक्टरीविरुद्ध यात फारसं काही राहत नाही. मी म्हटलं, विचार करून सांगतो. पुढची तारीख पाच मे.

बाहेर जानू मोटारसायकलवर बसत होता. मी विचारलं, का? तो म्हणाला, "भाऊंनी विचारलं होतं, दुसरी माणसं देतोस का म्हणून. मी नसतं केलं तर दुसऱ्या कुणीतरी केलं असतं. आणि तूच म्हनालास ना, गुडघे दुखतात म्हणून?" गाडी सुरू करून निघून गेला.

बुधवार, ८ एप्रिल

सांजवात लावली. जप झाला नाही.

सावित्रीने ती शाल पत्र्यावर अंथरून तिच्यावर काजूच्या बिया वाळत घातल्या आहेत. विचारून नाही. मी खाली पडलेल्या दोन बिया उचलून परत तिच्यावर ठेवल्या.

शुक्रवार, १ मे

जानूची बायको गोदा नारळ घेऊन आली. दहा तारखेला सानवीचं लग्न. त्याआधी देवीला गाऱ्हाणं घालायला हवं, आणि तो मान माझा. जानू स्वतः आला नाही.

गोदा बसली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "भावजी, पोरीचं काय चुकलं नाय. तुमी नाय म्हनालात तर दुसरं कुनी घालनार नाय."

मी नारळ घेतला. ती गेल्यावर सावित्री चुलीपाशी भांडी जोरजोरात आपटत राहिली. जेवताना म्हणाली, "तुम्हाला कुणीही कुठेही न्यावं. नारळ दिला की झालं." मी म्हटलं, मुलगी वाडीची आहे. "आणि तुम्ही कुठले?" ती म्हणाली.

मान सोडला तर वडिलांची वहिवाट तुटेल. मान राखला तर जानूला वाटेल की मी गिळलं. मी खरंच गिळलं आहे का, हेही मला नक्की ठाऊक नाही.

रविवार, ३ मे

गाऱ्हाणं घातलं.

सगळी वाडी होती, मुंबईची माणसंही आली होती. सानवी हिरव्या साडीत खाली मान घालून उभी. मी तिचं नाव घेतलं, तिच्या होणाऱ्या घराचं, गावाचं नाव घेतलं. मग नेहमीचं वाक्य आलं, दिलेला शब्द खरा होऊ दे. ते वाक्य मी आजवर शेकडो वेळा बोललो असेन. आज जीभ अडकली. मागे कुणीतरी खोकलं. देवीच्या कपाळावरचा मळवट ओला होता, काशीने नुकताच भरला होता. मी त्याकडे बघत राहिलो आणि मग बोललो. मुलीसाठीच बोललो, मनात दुसरं काही येऊ दिलं नाही. तेवढं तरी मला जमलं, असं वाटतं.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. जानू आज पायरीवर नव्हता. अगदी माझ्या पाठीशी उभा होता. त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

बाहेर आल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. चारचौघांत. "झालं ना रावजी? मिटलं सगळं. परवा रत्नागिरीला कशाला उन्हाचा जातोस?"

धोंडू हसला. म्हणाला, देवीनंच मिटवलं.

मी हात काढला नाही आणि हो म्हटलं नाही. मी आज देवीला मुलीचं सांगितलं. माझ्या कामाचं काशीने डिसेंबरातच सांगितलं आहे, ते मी परत मागितलेलं नाही.

मंगळवार, ५ मे

पहिल्या एसटीने गेलो. काशी फाट्यावर आधीच उभा होता. म्हणाला, तारखेला साक्षीदार लागतो की नाही माहीत नाही, पण आलो. सावित्रीने डब्यात सुकटीची चटणी दिली होती, दोघांना पुरेल एवढी.

अमरदीप कार्यालयाच्या दारात भेटला. काय ठरवलंत, असं त्याने विचारलं नाही. फक्त अर्ज माझ्यापुढे धरला.

आतल्या कारकुनाने विचारलं, ठेकेदाराचं पूर्ण नाव? मी उभा राहिलो. नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, घर, वाडी, गाव सांगितलं. त्याने मला कुठलं काम देतो म्हटलं, कधीपासून, आणि मी काय सोडलं, तेही सांगितलं. कारकून म्हणाला, सावकाश, मी लिहितोय. मी सावकाश पुन्हा सांगितलं. कमी नाही, जास्त नाही. आपलं स्वतःचं मी पहिल्यांदाच बोलत होतो. हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं.

लिहून झाल्यावर त्याने ते सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून काशीचा आवाज आला, "व्हय म्हाराजा."